वाजंत्रीवाले बाहेर का बसले होते

ऑटिझम हा आजार नव्हे, हे मला आता पाठ झालं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, पुस्तकांत वाचलं आणि मी स्वतःही चार जणांना ऐकवलं. तरीही हे मी आजारपणाचं लिखाण म्हणूनच लिहिते आहे, कारण ते सगळे महिने मी आजारी माणसासारखीच जगले. झोप उडाली होती, अन्नावर वासना नव्हती, दवाखान्याच्या खेपा चालू होत्या आणि निकालाची धाकधूक होती. फरक एवढाच, की काही निघू नये म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. मी काहीतरी निघावं म्हणून बसले होते.

वाचणाऱ्यांत एखादी तरी बाई अशी असेल, जिला आपल्याबद्दल हीच शंका येते आहे आणि कुणाजवळ बोलायची सोय नाही. तिच्यासाठी हे लिहिते. तज्ज्ञ मंडळींनी वाचलंच तर माझ्या चुका पोटात घालाव्यात.

गाडीत ऐकलेलं

मी जन्माने बेंगळुरूची. माहेर यशवंतपूरचं, आजोबांच्याही आधीपासून आमची मंडळी इथे आहेत. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, शिंप्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान होतं. बटणं, अस्तर, लेस, दोरे. अप्पा गेल्यावर ते माझा भाऊ चालवतो आणि आई त्याच्याकडे असते. माझा नवरा श्रीकांत पुण्याचा, इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. मी बेळ्ळंदूरला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. आम्ही एचएसआर लेआउटला राहतो. मुलगी एकच, मिथिला. हे सगळं सुरू झालं तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

त्या दिवशी श्रीकांत तिला चित्रकलेच्या क्लासहून घेऊन मला न्यायला ऑफिसवर आला होता. रिंग रोडवर नेहमीप्रमाणे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मी पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. ऑफिसनंतर मी तशीच बसते. मागून मिथिला बाबाला सांगत होती, शनिवारी शाळेत सगळ्या आयांनी यायचं आहे, मुलींबरोबर काहीतरी रांधायचं आहे.

"पण बाबा, तूच ये," ती म्हणाली. "आईला नको सांगूस."

"का गं?"

"तिला मी आवडत नाही ना."

रडत नव्हती, चिडली नव्हती. डब्यात ढोबळी मिरची नको, हे ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात तिने हे सांगितलं. म्हणजे हे तिला बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं आणि तिने ते मान्यही करून टाकलं होतं. श्रीकांत म्हणाला, "असं काही नसतं, वेडाबाई." मला झोप लागली आहे असा त्यांचा समज होता. मी डोळे उघडले नाहीत. उघडून काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं आणि सुचलं नाही की मी गप्प राहते.

या जगात मला सगळ्यात जास्त आवडणारं माणूस मिथिला आहे. श्रीकांतचा नंबर दुसरा लागतो आणि हे त्याला ठाऊक आहे. पण तिने जे पाहिलं होतं ते वेगळं होतं. संध्याकाळी मी घरी पोचले की ती धावत येऊन गळ्यात पडायची आणि मी दोन्ही हातांनी तिला दूर धरायचे. "थांब जरा" म्हणायचे आणि बाथरूममध्ये जाऊन दिवा न लावता बसायचे. ती दाराबाहेरून शाळेतल्या गोष्टी सांगायची आणि मी आतून "नंतर, नंतर" म्हणायचे. ते नंतर फारसं यायचं नाही. अकरा वर्षांच्या मुलीने यातून दुसरा कोणता अर्थ काढायचा?

बघून ठेवलेलं

करोनाच्या काळात मी घरून काम करत होते तेव्हा हे असं नव्हतं. मिथिला दिवसभर माझ्या मांडीला टेकून बसायची आणि मला ते छान वाटायचं. ऑफिसात परत बोलावलं तेव्हा सगळं बिघडलं. तिथे आता कुणालाच ठरलेली जागा नाही. रोज जी मोकळी मिळेल ती खुर्ची, शेजारी रोज नवा माणूस, मधल्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांचे फोन आणि वर एसीचा घोंघाट. बाकीचे कुरकुर करून कामाला लागायचे. मी संध्याकाळपर्यंत पिळून काढलेल्या फडक्यासारखी व्हायचे. मग झोप गेली. झोप गेली म्हणून कंपनीने नेमलेल्या समुपदेशक बाईंकडे गेले.

गाडीतल्या त्या बोलण्याला तेव्हा आठवडाभर झाला असेल. मी बाईंना झोपेचं सांगितलं, ऑफिसचं सांगितलं. त्यांनी सहज विचारलं, "लहानपणी मैत्रिणी होत्या?"

मी म्हटलं, "हो. मैत्रिणी कशा करतात ते मी बघून ठेवलं होतं."

त्यांनी चष्मा काढला. "बघून ठेवलं होतं म्हणजे?"

मला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. मी समजावून सांगितलं. आमच्या वर्गात एक जयश्री होती, सगळ्यांची लाडकी. ती "अय्या, खरंच?" कधी म्हणते, हसताना किती वेळ हसते, कुणी रडलं की हात कुठे ठेवते, ते मी नीट पाहून घेतलं आणि तसं करायला लागले. पुढे कॉलेजात दुसरी एक सापडली. ऑफिसात आमची टीम लीडर. कुणाच्या घरी गेलं की आधी दोन मिनिटं बाकीच्या बायका काय करताहेत ते बघायचं आणि मग सुरुवात करायची. सगळेच असं करत असणार, असं मी धरून चालले होते. काही जणींना पटकन जमतं, मला वेळ लागतो, एवढंच.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना असं करावं लागत नाही."

तेव्हा माझं वय चाळीसच्या पुढे होतं. इतकी वर्षं बाकीचे लोक न बघता, न ठरवता, नुसते उठून बोलत होते, ही बातमी मला त्या दिवशी कळली. मला अक्षरशः फसवल्यासारखं वाटलं.

ऑटिझम हा शब्द त्यांनी जपून वापरला. मुलींमध्ये हे पुष्कळदा लक्षात येत नाही, कारण त्या नक्कल करून वेळ निभावून नेतात, असं सांगितलं. जयनगरमधल्या एका मानसशास्त्रज्ञांचं नाव दिलं. डॉ. शुभा.

श्रीकांतचं म्हणणं

श्रीकांतला मी जेवताना सांगितलं. तो म्हणाला, "अगं, थोडंफार सगळेच तसे असतात. आमच्या संस्थेत येऊन बघ. निम्मे लोक लिफ्टमध्ये स्वतःच्या चपलांकडे बघतात."

मी म्हटलं, "ते चपलांकडे बघून सुखी आहेत. मी सुखी नाही."

त्या दिवशी विषय तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी मात्र भांडण झालं आणि जुनं सगळं बाहेर आलं. त्याच्या साहेबांच्या गृहप्रवेशातून मी कुणाला न सांगता निघून आले होते ते, त्याच्या बहिणीच्या डोहाळजेवणात मी तासभर गच्चीवर उभी होते ते. "प्रत्येक वेळी मी किती जणांची माफी मागत फिरायचं, अर्चना?" तो म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. लोकांशी बोलायचं, फोन करायचे, सणाला शुभेच्छा द्यायच्या, ही आमच्या घरातली सगळी कामं तो करतो आणि दमतो.

पण त्याला जे खरं लागलं होतं ते त्याने सगळ्यात शेवटी विचारलं. "म्हणजे माझ्याशीही तू बघून ठेवलेलंच वागायचीस?"

"सुरुवातीला," मी म्हटलं. "मग तुझ्याबरोबर ते लागेनासं झालं. म्हणून तर तुझ्याबरोबर राहिले."

तो उठला आणि दोघांसाठी चहा टाकला. त्यानंतर प्रत्येक खेपेला तो रजा काढून बरोबर आला.

डॉक्टरांची खोली

डॉ. शुभांच्या खोलीत पंखा आवाज करत नव्हता आणि ट्यूबलाइट बंद ठेवून खिडकी उघडलेली होती. मला याचं फार अप्रूप वाटलं. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांत बघून बोलायची गरज नाही. हवं तर खिडकीतून बाहेर बघा." मी बाहेरच्या बदामाच्या झाडाकडे बघत बोलायला लागले आणि इतकं बोलले की पुढच्या माणसाची वेळ झाली तरी थांबले नाही.

खेपा बऱ्याच झाल्या. प्रश्न विचारले गेले, काही कोडी, काही चित्रं. त्याचं वर्णन करत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी पद्धत वेगळी असते आणि आधीपासून वाचून गेलं की माणूस उत्तरं सजवतं. जुनी दुखणी विचारली तेव्हा मी नेहमीचं सांगितलं. लहानपणी माझा कान फुटायचा. त्यामुळे आवाज सहन होत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं.

भीती होती, पण ती वेगळ्याच गोष्टीची. हे नाही असं निघालं तर? तर मग मी नुसतीच माणूसघाणी ठरणार. मुलीला दूर ढकलणारी आई. मिथिलाला सांगायला माझ्याजवळ काहीच उरलं नसतं. मला ते नाव स्वतःसाठी हवं होतंच, पण त्याहून जास्त तिच्यासमोर ठेवायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, हे जन्मापासूनचं असतं, त्यामुळे लहानपणची साक्ष लागते. तुमच्या आईंना घेऊन या.

आईची साक्ष

आईला मी फोनवर एवढंच सांगितलं, की एक डॉक्टर आहेत, त्यांना माझ्या लहानपणाबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. "सरी," ती म्हणाली, म्हणजे बरं. "कशी बाई आहे? आपल्यातली की इथली?"

"इथली. कन्नड बोलते."

"मग चांगलंच झालं."

त्या दिवशी आई मोरपंखी रेशमी साडी नेसून आली. अंबाड्यावर मोगरा, हातात घरी तळलेल्या कोडबळ्यांचा डबा. खोलीत शिरल्याबरोबर तिने डबा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, त्यांचं माहेर कुठलं ते विचारलं आणि खुर्चीत ताठ बसली. मी शेजारी होते.

"ही लहानपणी कशी होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुंबा जाणे," आई म्हणाली. म्हणजे फार हुशार. "शांत. कुणाला उलट बोलली नाही. शाळेत कायम पहिली."

"हट्ट, रडारड?"

"एनू इल्ल." काहीच नाही.

"मैत्रिणी?"

"घर मुलींनी भरलेलं असायचं, म्याडम." त्या मुली खाली दुकानात लेस घ्यायला यायच्या.

"आवाजाचा, गर्दीचा त्रास?"

"छे. स्वल्प कान फुटायचा, तेवढंच. औषधाने बरा झाला." आणि मग कुणी न विचारता आईने सांगितलं, की हिला स्वयंपाक सगळा येतो, भरतकाम येतं, पेटीच्या दोन परीक्षा झाल्या आहेत आणि घरात मोठ्यांचा मान राखते.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. श्रीकांतच्या घरचे मला बघायला आले होते तेव्हा आईने हीच उत्तरं दिली होती, आणि जवळजवळ याच क्रमाने. बाहेरची बाई खुर्चीत बसून मुलीबद्दल प्रश्न विचारते आहे, म्हटल्यावर आईने एकच काम ओळखलं. मुलगी पसंत पडली पाहिजे. मी मध्ये तोंड घालू नये म्हणून तिचा हात माझ्या गुडघ्यावर दाबलेला होता, आणि बघायला आले होते तेव्हाही तो तिथेच होता. मला हसू येत होतं.

आईला बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाल्या, "त्यांच्या सांगण्यावरून लहानपणचं चित्र जुळत नाही. आज मी हो म्हणू शकत नाही, अर्चना. ताण असू शकतो, थकवा असू शकतो." त्या चांगल्याच बोलत होत्या. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. निकाल 'नाही' आला तर बरंच, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी माझं ते रडणं पाहायला हवं होतं.

गाडीत मी आईवर ओरडले. "तू खरं का नाही सांगितलंस?"

"काय खोटं सांगितलं? पहिली येत नव्हतीस?" आई खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "उद्या मिथिलाला बघायला येतील तेव्हा? आई अशी निघाली म्हटल्यावर लोक मुलीत खोट शोधणार नाहीत?"

"आई, ती अकरा वर्षांची आहे."

"दिवस काय, भराभर जातात."

श्रीकांत गाडी चालवत होता. पुण्याच्या माणसाने एरवी दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी त्याने फक्त रेडिओ बंद केला.

आईने दार लावून घेतलं

आई आमच्याकडेच राहिली. मी तिच्याशी बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी घरून काम करत होते. मिथिला शाळेतून आली, तिने अज्जीबरोबर खाल्लं, बाहेर दोघींचं काहीतरी चाललं होतं. थोड्या वेळाने आई माझ्या खोलीत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"मिथिला काय म्हणते ठाऊक आहे तुला?"

"ठाऊक आहे."

"तुला ती आवडत नाही म्हणते. हसत हसत म्हणते, अच्चू. मला म्हणाली, अज्जी, तू नको वाईट वाटून घेऊ, मला सवय झाली." आई पलंगावर बसली. तिचा चेहरा उतरला होता. "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

मी गाडीतलं सांगितलं. हे सगळं डॉक्टरांचं कशासाठी चाललं आहे तेही सांगितलं, जे मी आधीच सांगायला हवं होतं. आईने पदराने डोळे पुसले.

"तू माझ्याबद्दल असं कधी म्हणाली नाहीस," ती म्हणाली.

"मला असं कधी वाटलंच नाही, आई."

बाहेर मिथिला टीव्ही बघत होती, त्याचा आवाज येत होता. मग आई उठली. "त्या म्याडमना फोन लाव. परत जाऊ."

माझा कान

या खेपेला आई साध्या सुती साडीत होती. डबा आणला नव्हता. डॉक्टरांनी प्रश्न विचारायच्या आधीच ती कन्नडमध्ये म्हणाली, मागच्या वेळचं सगळं पुसून टाका. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "तुझा कान कधीच फुटला नव्हता."

मला काही कळेना. माझा कान फुटायचा, हे मी आयुष्यभर सांगत आले होते. कानाच्या दोन डॉक्टरांना सांगितलं होतं. पोहायला न जाण्याचं तेच कारण होतं.

आईने सांगितलं ते असं. मी लहान असताना काकांचं लग्न होतं, यशवंतपूरच्याच एका कल्याण मंडपात. इथल्या लग्नांत नादस्वर आणि डोलू, म्हणजे आपली सनई आणि ढोल, असतात, आणि मंगळसूत्र बांधायच्या क्षणी भटजी "गट्टिमेळ!" म्हणून ओरडतात. मग वाजंत्रीवाले जीव खाऊन वाजवतात. त्या क्षणी मी आईच्या मांडीवरून उडी मारून पळाले. कान दाबून किंचाळत थेट रस्त्यावर गेले. एका रिक्षावाल्याने कचकन ब्रेक दाबला म्हणून वाचले. सगळं लग्न माझ्याकडे बघत होतं. काकूच्या माहेरची एक बाई म्हणाली, पोरीला काही बाधा आहे का?

"मी म्हटलं, कान फुटलाय तिचा," आई म्हणाली. "तोंडाला आलं ते बोलले. मग तेच धरून ठेवलं. पुढे तुझाही त्यावर विश्वास बसला, म्हटलं बरंच झालं. तुलाही सांगायला काहीतरी झालं."

त्यानंतर प्रत्येक लग्नात गट्टिमेळाच्या जरा आधी आई मला "चल, पाणी पिऊन येऊ" म्हणून मागच्या अंगणात न्यायची. तिने आपल्या भावाच्या, बहिणीच्या, दिराच्या कुणाच्याच लग्नात मंगळसूत्र बांधलेलं पाहिलेलं नाही. कुणाकडे जायचं असलं की आदल्या दिवशी मला सगळं म्हणून दाखवायची. तिथे कोण असेल, काय विचारतील, मी काय म्हणायचं, कधी वाकून नमस्कार करायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया हे शिकवतात. मी अनोळखी घरी जेवत नव्हते, म्हणून पर्समध्ये माझ्यासाठी वेगळा दहीभात असायचा. दुकानात गर्दी झाली की ती मला माळ्यावर बटणांचे डबे लावायला पाठवायची आणि मी तिथे संध्याकाळपर्यंत खुशीत असायचे.

डॉक्टर लिहीत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "आणि हिच्या स्वतःच्या लग्नात?"

आई पहिल्यांदा हसली. "हिच्या लग्नात मंडपात वाजंत्री वाजलीच नाही."

हे खरं होतं. अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या आणि मागून काहीच वाजलं नाही. वाजंत्रीवाले मंडपाच्या बाहेर, जेवणाच्या पंक्तींपाशी बसून हळू आवाजात वाजवत होते. मला वाटलं होतं, पुण्याकडच्यांची तशी रीत असेल.

"पुण्याच्या मंडळींना मी सांगितलं, आमच्यात आत वाजवायची पद्धत नाही," आई म्हणाली. "आणि आपल्या लोकांना सांगितलं, मुलाकडच्यांना चालत नाही."

श्रीकांत कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "आमची आत्या अजून म्हणते, बेंगळुरूच्या लोकांची काय ही सुतकी लग्नं!"

आम्ही सगळेच हसलो, डॉक्टरसुद्धा. मग मला राग आला. खूप राग आला. मी आईला म्हटलं, "तुला सगळं दिसत होतं. मग मला एकदा तरी का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होते? याला नाव आहे हे मला कुठे ठाऊक होतं?" आई म्हणाली. "मला एवढंच कळत होतं, हिला हे सोसत नाही. म्हटलं, जे सोसत नाही ते आपण बाजूला करत राहायचं."

राग गेला नव्हता. पण इतकी वर्षं एक माणूस माझ्या पुढे चालत वाटेतलं सगळं उचलत होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, हे कळल्यावर नुसता रागही धरता येईना. आईचा हात मी हातात घेतला. सकाळची वेळ होती, मला ते जमतं.

काही आठवड्यांनी डॉ. शुभांनी निकाल सांगितला. हो. मी श्रीकांतला म्हटलं, भूक लागली आहे, आणि आम्ही शेजारच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने दोन-दोन डोसे खाल्ले.

ज्यांना ही तपासणी करायची आहे त्यांना एकच सांगते. घरच्या माणसाला साक्षीला नेण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि हे तुम्हाला कशासाठी हवं आहे ते नीट सांगा. आपली माणसं आपल्याला चांगलं दाखवण्यात इतकी मुरलेली असतात की मदत मागितली तरी ती आपलं कौतुकच करतात.

पावटे सोलताना

मिथिलाला कसं सांगायचं याचा मी फार विचार केला. शेवटी थंडीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही दोघी बाल्कनीत अवरेकाळू घेऊन बसलो. हे इथले पावटे. भिजवलेला दाणा चिमटीत दाबला की टरफलातून टुणकन बाहेर येतो. हात कामात असले की समोर बघावं लागत नाही.

"गाडीत तू बाबाला जे म्हणालीस ते मी ऐकलं होतं," मी म्हटलं. "'तिला मी आवडत नाही' म्हणालीस ते."

तिचे हात थांबले. "तू झोपली होतीस."

"नव्हते."

मग मी तिला सगळं सांगितलं. ऑफिसात दिवसभर काय होतं, संध्याकाळी माझ्या अंगाला कुणाचाही हात का सोसत नाही, याला काय म्हणतात. बाबाचाही हात सोसत नाही, अज्जीचाही नाही.

"म्हणजे मी नकोशी नसते?"

"तू कधीच नकोशी नसतेस. तेवढ्या वेळेपुरता हात नकोसा असतो."

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती चिडली. हातातला दाणा तिने भांड्यात आपटला. "मग आधी का नाही सांगितलंस? मला किती दिवस वाटत होतं!" आणि ती रडायला लागली. मी म्हटलं, मलाच माहीत नव्हतं. हे खरं होतं, पण रडणाऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग? बघून ठेवलेल्यातलं काही करावं असं एकदा मनात आलं. केलं नाही. तिच्या शेजारी सरकून बसले.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "खरं सांग. मी आवडते?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. तुझं गिटार आवडत नाही. वेणी घालताना तू हलतेस तेही आवडत नाही. तू आवडतेस."

"गिटारपण नाही?" ती रडता रडता हसली.

"अजिबात नाही."

आता आमचं ठरलेलं आहे. सकाळी शाळेत जाण्याआधी ती माझ्या कुशीत येते, हवा तितका वेळ. संध्याकाळी मी आधी एकटी बसते आणि मग तिच्या शाळेतलं सगळं ऐकते, एकही गोष्ट न गाळता. काही संध्याकाळी तेही जमत नाही आणि मग आम्ही भांडतो. ऑफिसने मला भिंतीकडेची एक कायमची जागा दिली. आई अजून म्हणते, "बाहेर कुणाला सांगू नका." मी तिला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

संक्रांत

गेल्या संक्रांतीला संध्याकाळभर आमच्याकडे बायका-मुली येत होत्या. इथे तिळगुळाबरोबर एळ्ळु-बेल्लही वाटतात, तीळ, गूळ, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे तुकडे. मी बऱ्याच जणींना हळदीकुंकू लावलं आणि मग आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. श्रीकांत खाली दूध आणायला गेला होता. तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या मंजुळा आंटी.

"आई कुठे? बरं नाही का?" त्यांनी विचारलं. त्या मिथिलाशी कन्नडमध्ये बोलतात.

श्रीकांत असता तर ऑफिसचा कॉल आहे म्हणाला असता. आई असती तर माझा कान दुखला असता. मिथिला काय सांगते याची मी वाट बघत राहिले.

"बरी आहे," मिथिला म्हणाली. "पण खूप लोक येऊन गेले ना, आता तिला झेपणार नाही. ती ऑटिस्टिक आहे."

"अय्यो, पाप!" आंटी म्हणाल्या. म्हणजे बिचारी.

"पाप काय त्यात?"

"तसं नव्हे, पुट्टा. तुला वाईट वाटत असेल. आई जवळ घेत नसेल."

"सकाळी घेते. आधी वाटायचं वाईट. मला वाटायचं, मी तिला आवडत नाही."

"मग?"

"मग मी तिलाच विचारलं," मिथिला म्हणाली. "आणि तिला खोटं बोलता येत नाही."

मिथिलाने त्यांना बसायला सांगितलं आणि कुंकवाचा करंडा शोधायला लागली. कपाटांची दारं उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. तो तिला सापडत नव्हता, तेव्हा देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे म्हणून मी आतूनच ओरडून सांगितलं.